सायकल तयार झाली की

लखनौला मानक नगरच्या त्या रेल्वे क्वार्टरात पहिलं दीड वर्ष माझ्या हातांना जेवतानासुद्धा रॉकेलचा वास येई. पोळीचा पहिला तुकडा तोंडाजवळ नेला की तोच आधी नाकात शिरायचा. मग मी श्वास धरून चार घास गिळायची आणि मामीनं विचारलं तर भूक नाही म्हणायची. लहानपणीच्या वासांबद्दल लिहिताना लोक मोगरा लिहितात, आईच्या पदराचा वास लिहितात. मी चौथी शिकलेली बाई आहे, मला जे आठवतं ते लिहिते. मला रॉकेल आठवतं, गंज आठवतो, नखांत बसलेलं काळं ग्रीस आठवतं, आणि ते काढायला मामी द्यायची तो कपडे धुण्याचा पिवळा साबण आठवतो. हे सगळं एका सायकलीपायी. शर्यतीची सायकल होती ती. आजही कुणी तिचं कौतुक करायला लागलं की मी उठून आत जाते.

वडील गेले तेव्हा आईच्या गळ्यात आम्ही पाच पोरं होतो. मी मधली. मामा लखनौला रेल्वेच्या संशोधनाच्या ऑफिसात इंजिनियर होते. ते वाईजवळच्या आमच्या गावी आले, ओसरीवर बसले आणि आईला म्हणाले, "कुसुमला मी नेतो. तिला मॅट्रिक करतो." आई रडली. गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि मी, शाळेत उशिरा घातलेली, चौथीत पहिली आलेली, त्यामुळे मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मामांच्या मनात खोट नव्हती. ते खरंच तेवढ्यासाठी मला नेत होते. मामीला मात्र नुकताच श्रीधर झाला होता. तिनं गाडीत बसल्या बसल्या तो माझ्या मांडीवर दिला, तो लखनौचं चारबाग स्टेशन येईपर्यंत परत घेतला नाही. त्या प्रवासातच माझी नेमणूक कशासाठी आहे ते मला कळलं.

क्वार्टर चांगलं होतं. पुढं लोखंडी जाळीचा व्हरांडा, मागं अंगण, अंगणात पेरूचं झाड आणि हातपंप. दिवसभर कुठून तरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येई. ऑफिसच्या प्रयोगशाळेत रूळ, स्प्रिंगा, डब्यांचे सांधे मोडेपर्यंत ठोकून बघत. मामांचं काम तेच. कुठलीही वस्तू रेल्वेत लागण्याआधी ती ठरलेल्या मापाची, ठरलेल्या धातूची आहे का ते बघायचं, नसेल तर परत पाठवायची. एका बोल्टसाठी ते कारखानदाराला वर्षभर झुलवत, असं मामी सांगे, आणि त्यात तिला थोडा अभिमानही होता. घरी मात्र ती वैतागे. मामा भाजीवाल्याकडून काकडी आणत, तीसुद्धा बघून, परत बघून, आणि मग न घेताच येत. "सब्जीवाला भैया तुम्हाला बघून गाडी वळवतो," मामी म्हणायची. "त्याला वाटतं, साहेब आले, आता भोपळा नापास होणार." मामा हसत. त्यांना राग येत नसे. मला पुढं पुढं त्यांच्या त्या न येणाऱ्या रागाचाच राग येऊ लागला.

शाळा चारबागच्या पलीकडं होती, मुलींची. मामा मला घेऊन तिथल्या बड्या बहनजींना भेटले. मुख्याध्यापिकांना तिकडं बड़ी बहनजी म्हणतात. त्यांनी मला हिंदीत पाढे म्हणायला लावले, मी मराठीत म्हटले, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जुलाई में भेज दीजिए, उम्र बड़ी है, सीधे छठी में बिठा लूँगी. साल भर में हिंदी आ जाएगी." येताना मामा म्हणाले, "चालत जाण्याजोगं नाही. रूळ ओलांडायचे, पुढं ट्रकांचा रस्ता. रिक्षा रोजची परवडणार नाही. तुला सायकल घेऊ." त्या वेळी कॉलनीतल्या साहेबांच्या मुलीसुद्धा सायकलवर जात नव्हत्या. मला तो एवढा मोठा शब्द वाटला की मी घरी येऊन श्रीधरला सांगितला, जो बोलायलाही लागला नव्हता.

आणि सायकल मिळाली, तीही लवकर. कॉलनीपलीकडं एक अँग्लो-इंडियन गार्ड राहत होता. तो कुटुंबासकट देश सोडून चालला होता आणि त्यानं घरातल्या वस्तू अंगणात विकायला मांडल्या होत्या. मामा तिथून ती हाताने ढकलत घेऊन आले. काळ्या रंगाची, तोही घरच्या कुंच्यानं फासलेला, जागोजागी फोड आलेला. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. पण उंचीला लहान होती, माझे पाय पोचत होते. "बायकी नाही, पण सलवारवर चालेल," मामा म्हणाले. मामीनं मला दोन सलवार-कमीज शिवले. मामांनी दोन-चार संध्याकाळी मैदानात मला सायकल धरून शिकवली, आणि मी शिकले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं सगळे विसरले. सायकल आली तेव्हा ती चालत होती. मी तिच्यावर बसून मैदानाला फेऱ्या मारल्या आहेत. तिला फक्त पुसायची होती.

मामा म्हणाले, "कुसुम, जरा घासून घे. मग मिस्त्रीकडून कॅरिअर बसवू." मला घासायचं म्हटलं की एकच रीत माहीत. गावाकडं देवाची तांब्या-पितळेची भांडी घासतात तशी मी ती घासली. चिंच भिजवली, मीठ घातलं, नारळाची शेंडी घेतली आणि अंगणात पंपाखाली बसले. चाकाच्या मधल्या भागाचा गंज चिंचेनं निघाला आणि खालून चकचकीत पांढरं लोखंड वर आलं. मग मी नळ्यांकडं वळले. काळ्या रंगाचे फोड विटेच्या पुडीनं घासले तर ते पोपड्यांसारखे सुटले. आत हिरवा रंग होता, गर्द, बाटलीसारखा. जिथं दोन नळ्या जुळतात तिथं पानाच्या टोकासारखं कोरलेलं लोखंड होतं आणि त्या टोकाच्या कडेनं सोनेरी रेघ, केसाएवढी. मला वाटलं, मामा खूश होतील. मी ओल्या हातानं जाऊन त्यांना बोलावलं.

मामा उकिडवे बसले. त्यांनी बोट फिरवलं, चष्मा वर केला, परत बोट फिरवलं. मग म्हणाले, "थांब. आता हात लावू नकोस." त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता. त्या क्षणी माझी सायकल गेली. मला ते कळायला पुढचं दीड वर्ष लागलं.

मामांनी ती उलटी केली, खालचा नंबर उतरवून घेतला, नळीवर टिचकी मारून आवाज ऐकला. "ही नळी बघ, कशी घुमते," ते मामीला म्हणाले. "आपली सायकल अशी बोलत नाही. ही आतून कागदासारखी पातळ आहे, पण टोकांना जाड. शर्यतीसाठी बनवलेली. हातानं." मामी म्हणाली, "बरं. मग कुसुमची शाळा?" मामा म्हणाले, "हो हो, तिच्यासाठीच. पण नीट करून देऊ. सायकल तयार झाली की जाईल." हे वाक्य त्या घरात इतक्यांदा बोललं गेलं की श्रीधर बोलायला लागला तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या शब्दांत 'तय्याल' होता.

मग नीट करणं सुरू झालं. सुटे केलेले भाग रॉकेलमध्ये भिजवून सोड्यानं घासायचं काम माझ्याकडं आलं. हजरतगंजातल्या वाचनालयात मामा रविवारी जायचे, जुनी इंग्रजी मासिकं चाळायचे, तिथल्या चित्रांवरून कागदावर मापं काढून आणायचे. तिकडच्या कुणाकुणाला पत्रं टाकायचे. गार्डानं बसवलेली साधी देशी चाकं तिला शोभत नाहीत असं त्यांचं मत झालं. ती त्यांनी काढून तेलीबागेतल्या बाबू मिस्त्रीला देऊन टाकली. म्हणजे सायकल बिनचाकांची झाली आणि व्हरांड्यात खुर्चीवर चढून बसली. गार्डानं सोबत दिलेल्या मूळ चाकांना रिमवर चिकटवायचे टायर लागतात, ते हिंदुस्थानात मिळत नव्हते. त्यातल्या मागच्या चाकाला तीन दातेरी चकत्या होत्या, आणि साखळी एकीवरून दुसरीवर ढकलणारा एक लोखंडी हात हवा होता, तो तुटलेला होता. बाबू मिस्त्रीनं दुसऱ्या कुठल्या सायकलीचा हात बसवून दाखवला, बसलाही. मामांनी तो अर्धा तास न्याहाळला आणि नापास केला.

हा बाबू मिस्त्री तोंडानं फार गोड माणूस. तो आमच्या व्हरांड्यात वेताच्या मोढ्यावर बसून चहा प्यायचा आणि सायकलीकडं बघून मान हलवायचा. "साहब, इसमें कैरियर लगाना तो इसकी तौहीन है. ये सब्जी ढोने की चीज थोड़े है." मामा म्हणायचे, "अच्छा?" तो म्हणायचा, "हुजूर, पूरे लखनऊ में ऐसी नजर वाला आदमी नहीं देखा." आणि मामांचा चेहरा असा व्हायचा की मला दुसरीकडं बघावं लागे. एवढा शिकलेला माणूस, बोल्टाला फसत नाही, आणि शब्दाला फसतो. मी कप उचलायला जायची तेव्हा मिस्त्री म्हणायचा, "बिटिया ने क्या चमकाया है, वाह." बिटियाची बोटं चिंचेनं आणि सोड्यानं सोलली होती. त्यांवर पीठ मळताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. एवढंच त्या चमकण्याचं.

जुलै आला. मामी म्हणाली, "अहो, रिक्षा लावा दोन महिने. किंवा बाजारातून एक साधी लेडीज सायकल आणा. किती मुली आता घेतात." मामा खरोखर गोंधळले. "घरात सायकल असताना दुसरी कशाला?" ते म्हणाले. हे बोलताना त्यांची नजर खुर्चीवरच्या बिनचाकी सांगाड्यावर होती. मी दारात उभी होते. मला वाटलं, मोठ्या माणसानं शब्द दिला आहे तर तो महिन्याभरात पाळेल. शाळेचे कपडे मी घरात घालून जुने केले, कारण वाढत्या अंगाला ते पुढल्या वर्षी बसणार नव्हते. कमीजच्या बाहीवर हिरव्या रंगाचा एक डाग पडला, तो मरेपर्यंत गेला नाही, म्हणजे कमीज मरेपर्यंत.

मामी तोंडाळ होती पण तिला दिसत होतं. मामा ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी व्हरांड्यात वाकायचे. मामी आतून ओरडायची, "आधी हात धुऊन या. तुमची सवत कुठं पळून जात नाही, तिला चाकं नाहीत." जेवताना म्हणायची, "तिला काय वाढू? पिठलं चालेल, की साहेबाच्या देशची आहे म्हणून तिला केक लागेल?" मामा हसत हसत भात कालवायचे. तिच्या पिठल्याला लखनौत तोड नव्हती. गावाहून पार्सलनं ज्वारी यायची, ती संपली की पुढल्या पार्सलपर्यंत गव्हाच्या पोळ्या. थंडीत मटार सोलून सोलून आमची नखं हिरवी व्हायची. माझी हिरव्यावर काळी.

आणि मग कढईचं प्रकरण झालं. कुठल्याशा मासिकात मामांनी वाचलं की शर्यतीच्या सायकलीची साखळी चरबी आणि शिसपेन्सिलीच्या पुडीत उकळली की ती रेशमासारखी चालते. मामी शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मामांनी चरबी कुठून आणली ते मी विचारलं नाही, चामड्याच्या कारखान्याकडून आली असावी. मी श्रीधरला झोपवून बाहेर आले तर स्वयंपाकघरात, ज्या घरात कांद्यालाही चातुर्मासात मज्जाव होता तिथं, आमच्या आमटीच्या कढईत पांढरी चरबी खदखदत होती. त्यात ती साखळी सापासारखी वेटोळं करून पडली होती. तो वास मी शब्दांत लिहू शकत नाही. मेलेल्या जनावराजवळून वाऱ्याच्या दिशेनं गेलेल्यांना कळेल. मी परसात जाऊन ओकले. मामा चमच्यानं, आमटीच्याच चमच्यानं, ढवळत होते आणि म्हणाले, "कुसुम, खिडकी उघड बरं. धूर फार होतोय."

मामी आली. दारातच थांबली. तिनं पदर नाकाला लावला, कढईकडं बघितलं, चमच्याकडं बघितलं. मला वाटलं ती किंचाळेल. ती हळू आवाजात म्हणाली, "हे काय शिजतंय?"

"साखळी," मामा म्हणाले.

"कशात?"

"जरा चरबी आहे. उकळली की निर्जंतुकच होते."

"आणि रात्री आमटी कशात करू?"

"घासली की निघेल. कुसुम घासेल."

मामी माझ्याकडं वळली. माझ्या तोंडावर ओकारीचं पाणी होतं. ती म्हणाली, "कुसुम घासणार नाही." तिनं पदरानं कढईचे कान धरले, तशीच उकळती अंगणात नेली आणि साखळी, चरबी, चमचा सगळं पेरूच्या बुंध्याशी ओतलं. मामांनी चिमट्यानं साखळी तेवढी उचलून घेतली. त्यांना वाईट वाटलं असणार, पण साखळी बोटावर वळवून बघताना त्यांचा चेहरा फुलला. मी तो बघितला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, तिरस्कार करायला सोपा गेला असता.

श्रीधरचा मुलगा अनूप आता इथं लखनौतच, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत माझ्या घरापासून दोन सेक्टर सोडून राहतो. मला बुआ-दादी म्हणतो. मराठी कळतं, बोलतो हिंदीत. त्याच्या बापाच्या माळ्यावरून त्यानं ती सायकल काढली आहे आणि तोही तिच्यामागं लागला आहे. मोबाइलवर इटली-इंग्लंडच्या लोकांशी बोलतो, तिचे फोटो टाकतो. मागच्या आठवड्यात मी त्याच्याकडं गेले तर म्हणाला, "बुआ-दादी, दादाजी लेजेंड थे यार. उस जमाने में ऐसा पैशन." मी म्हटलं, पॅशन म्हणजे काय ते मला माहीत नाही, मला चरबी माहीत आहे. तो हसला. त्याची बायको ऑफिसातून दमून आली होती, तिच्या बेसिनमध्ये सायकलीचे सुटे भाग भिजत होते, आणि ती बाथरूमच्या नळाखाली भाजी धूत होती. मी अनूपला सांगितलं, ते आत्ताच्या आत्ता उचल. तो म्हणाला, "हाँ हाँ, बस पाँच मिनट." मला उठायला वेळ लागतो, गुडघे गेले आहेत, पण मी उठले आणि ते सगळं त्याच्या सोफ्यावर ठेवून आले.

दुसरा जुलैही गेला. त्या वेळी मामा साखळी ढकलणाऱ्या त्या लोखंडी हातासाठी थांबले होते. हात आला तर टायर बाकी होते. ऑफिसातले तिवारीसाहेब ट्रेनिंगला जर्मनीला गेले होते, ते येताना टायर आणणार होते. रिक्षाचं नाव आता कुणी काढत नव्हतं, कारण श्रीधर चालायला लागला होता आणि मामीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. माझं घरात असणं सोयीचं झालं होतं. मामीनं एकदा पोळ्या लाटताना म्हटलं, "मी काय बोलू गं. माझीही सोय होतीच ना." एवढी सरळ बाई मी परत पाहिली नाही.

टायर नवरात्रात आले. खंडेनवमीला सायकल तयार होती. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची आणि दसऱ्याला पाटीवर काढलेल्या सरस्वतीची पूजा, पण मामांनी दोन्ही एकत्र दसऱ्यालाच करायचं ठरवलं, कारण त्या संध्याकाळी ऑफिसातली मंडळी सोनं द्यायला येणार होती. लखनौत आपटा मिळत नाही, मामी कचनाराची पानं आणायची. मी सकाळी पाटावर माझी गावाहून आणलेली पाटी ठेवली होती, तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती. शेजारी मामांची मोजपट्टी, मामीची विळी. मामांनी सायकल आणली, मागचं चाक पाटाला टेकवून उभी करून बघितली, ती झुकत होती. त्यांनी माझी पाटी उचलली, खिडकीत ठेवली, आणि सायकल नीट उभी राहिली. त्यांनी ते मुद्दाम केलं नाही. जागा करतो तसं केलं. मग हळदीकुंकू, झेंडूची माळ. दिसत होती सुंदर, ते मी नाकारत नाही. हिरवी, सोनेरी रेघांची, बारीक कमरेची.

संध्याकाळी व्हरांडा भरला. मामीचा चिवडा, करंज्या, चहा. पुरुषमंडळी सायकलीभोवती उभी राहून तिला एका बोटानं उचलून बघत होती आणि हलकी हलकी म्हणत होती. मी ट्रे घेऊन फिरत होते. तिवारीसाहेबांनी करंजी खाता खाता विचारलं, "भई, इतनी मेहनत की, पर बनाई किसके लिए है? आप तो इस पर बैठेंगे नहीं, आपका पेट अड़ेगा."

सगळे हसले. मामाही हसले. म्हणाले, "किसी के लिए नहीं, तिवारीजी. बस शौक है."

मी ट्रे घेऊन त्यांच्या अगदी समोर होते. त्यांनी माझ्या ट्रेमधून कप उचलला. माझ्याकडं बघितलंसुद्धा, आणि म्हणाले, "साखर कमी आहे का गं?" ते खोटं बोलले नव्हते. लपवलंही नव्हतं. ते विसरले होते. मला त्या वेळी रडू आलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. रडू आलं नाही. कढईचा वास आला, तसाच्या तसा, सबंध व्हरांड्यात.

मामी आतल्या दाराशी उभी होती. तिनं ऐकलं होतं.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडल्या त्या सकाळी मामा ऑफिसला गेले आणि मामीनं तांदळाच्या डब्यातून पैसे काढून माझ्या हातात दिले. "तेलीबागेत जा," ती म्हणाली. "कॅरिअर बसवून घे. मडगार्ड, घंटी, सगळं. चाकंपण त्याच्याकडची साधी लाव, ही चिकटवलेली काय कामाची. आणि तशीच शाळेत जा."

"मामा काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी आहे."

बाबू मिस्त्रीनं आधी कानाला हात लावला. "बिटिया, इसमें तो छेद करना पड़ेगा. साहब से पूछ लिया?" मी म्हटलं, "पूछ लिया." त्यानं पैसे बघितले. मग ज्या माणसाला कॅरिअर म्हणजे तौहीन, सायकलीचा अपमान, वाटत होता त्यानं ड्रिल घेतलं आणि चहा निवायच्या आत मागच्या दोन बारीक हिरव्या नळ्यांना आरपार भोकं पाडली. लोखंडाचा बारीक भुसा खाली पडला. गार्डाची जुनी देशी चाकं त्याच्या दुकानात अजून खिळ्याला टांगलेली होती, ती चढली. मडगार्ड निळे मिळाले, तेच लावले. घंटी वाजवून बघितली. मी पाटी कॅरिअरला बांधली आणि निघाले. मैदानानंतर पहिल्यांदाच मी तिच्यावर बसले होते. चालत होती उत्तम. ट्रकांचा रस्ताही मामांनी सांगितला होता तेवढा वाईट नव्हता.

बड्या बहनजींनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, पाढे हिंदीत म्हणून दाखवले, न अडखळता. दीड वर्षात मी सब्जीवाल्याकडून आणि मिस्त्रीकडून हिंदी शिकले होते. त्या ऐकत राहिल्या. मग मला उभं राहायला सांगून वरपासून खालपर्यंत बघितलं. "इतनी बड़ी लड़की को छठी में कहाँ बिठाऊँ?" त्या म्हणाल्या. "बच्चियाँ हँसेंगी. और अब तो आधा साल निकल गया. तब क्यों नहीं आई?"

मी म्हटलं, "साइकिल बन रही थी."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. निळ्या मडगार्डांची, शिंगवाली सायकल भिंतीला टेकलेली होती. "ये?" त्या म्हणाल्या. "इसमें इतना क्या बनना था?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाल्या, घर पर पढ़ लेना, और घर का काम सीखो. मी बाहेर आले. येताना मी पीठ आणलं, कारण मामीनं सकाळी गहू गिरणीत टाकलेले होते आणि कॅरिअर रिकामं होतं.

मामा आले तेव्हा मी व्हरांड्यात श्रीधरला भरवत होते. पिठाचा डबा अजून कॅरिअरवर होता, हिरव्या नळ्यांवर पीठ सांडलेलं होतं. ते दारातच थांबले. त्यांच्या हातातली बॅग खाली ठेवायला त्यांना सुचेना.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. आतून मामी म्हणाली, "मी."

"पण का?"

"शाळेत जायला," मी म्हटलं. "जाऊन आले. बहनजी म्हणाल्या, आता मोठी झाले. आता घेत नाहीत."

त्यांचे ओठ हलत होते, मनात महिने मागं मोजत होते बहुतेक. मोजता मोजता ते कुठं तरी पोचले, आणि त्यांचा चेहरा मी पुढं कधी पाहिला नाही असा झाला. ते काही म्हणतील म्हणून मी थांबले होते. श्रीधरच्या तोंडाशी धरलेला घास तसाच हातात होता. मी त्या वेळी त्यांना माफ करायला तयार होते, त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. शाळेबद्दल. कुठलंही.

ते सायकलीजवळ गेले, गुडघ्यावर बसले. भोकांवर बोट ठेवलं. मग कॅरिअर धरून हलवलं. ते खडखडलं. "वॉशर घातले नाहीत त्यानं," ते म्हणाले. "असं राहिलं तर वजनानं नळी फाटेल."

पुढच्या रविवारी ते वॉशर घेऊन आले. बरोबर मापाचे होते. त्यांनी स्वतः अंगणात बसून एकेक बोल्ट काढला, पुसला, वॉशर घालून परत आवळला, कॅरिअर दोन्ही हातांनी दाबून बघितलं, आणि मला हाक मारून म्हणाले, "आता हलणार नाही बघ." खरंच हललं नाही. माझं लग्न होईपर्यंत मी त्याच्यावरून घरचं दळण आणलं.